सवयांक अकरा

चन्नवीर बिराजदारच्या नावाने मी पहिल्या वर्षात किमान साठ वेळा ‘येस सर’ म्हणालो असेन. वर्गात चेहरे ओळखणारं यंत्र बसवलं होतं, पण ते दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं आणि आमच्या सरांनी आनंदाने जुनी हजेरीवही बाहेर काढली. मग काय, आम्हाला रान मोकळं. मी मागच्या बाकावरून एकदा माझ्या आवाजात आणि एकदा जरा जाड आवाजात ओ द्यायचो. माझ्या गैरहजेरीत चन्नूही तेच करायचा. आमच्या कॉलेजात याला प्रॉक्सी म्हणत, आणि ती देण्याआधी कुणी कुणाला विचारत नसे. खोलीतला जोडीदार वर्गात नसेल तर त्याची ओ आपण द्यायची, एवढं साधं होतं ते.

हे आधी सांगतोय, कारण पुढे मी जे केलं ते मला त्या वेळी याहून मोठं वाटलं नव्हतं. मी स्वतःची बाजू मांडत नाहीये. मांडण्यासारखी बाजू मला नाहीच.

चन्नू जतचा. त्याच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, तिथे मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरताना अप्पा दिवसभर गालात तंबाखूचा मावा धरून बसायचे. चन्नू नववीत असताना कॅन्सरमुळे त्यांच्या जबड्याची उजवी बाजू काढावी लागली. तेव्हापासून ते पातळ जेवतात आणि मोजकं बोलतात. पोराने त्याचा असा धसका घेतला की लग्नाच्या पंगतीनंतर कुणी सुपारी पुढे केली तरी तो हात मागे घ्यायचा. “आमच्या रक्तातच हाय ते,” तो मला म्हणायचा. “मला एकदा लागलं की मी सुटणार न्हाई, पुष्क्या.” हॉस्टेलच्या गच्चीवर पोरं ओढत उभी असली की हा वाळत घातलेले कपडेसुद्धा तसेच सोडून खाली यायचा. आम्ही त्याला चिडवायचो. तो चिडायचा नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे २०३७ च्या जुलैत, आमची सवयांक चाचणी झाली.

त्यामागचं शास्त्र तसं अवघड नाही. काही पोरं कॉलेजची चार वर्षं अधूनमधून सिगारेट ओढतात आणि पुढे विसरून जातात. काहींना मात्र महिन्याभरात डोळे उघडताच ती लागते. हा फरक बऱ्याच अंशी यकृतात ठरतो. तिथलं एक एन्झाइम रक्तातल्या निकोटिनचा निकाल लावत असतं. ज्याचं एन्झाइम संथ, त्याला एक सिगारेट पुरते, दुसरीने मळमळतं. ज्याचं चपळ, त्याच्या रक्तातलं निकोटिन भराभर संपतं आणि मेंदू पुन्हा हात पसरतो. उरलेला फरक मेंदूत, निकोटिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागांच्या घडणीत असतो. या दोन्हींची जनुकं लाळेत वाचता येतात. डब्याएवढं एक यंत्र ती वाचून शून्य ते शंभर यांमधला एक आकडा द्यायचं. तो सवयांक. तिसाच्या आत हिरवा, साठापर्यंत पिवळा, त्यावर लाल.

अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही चाचणी सक्तीची झाली. लाल आणि पिवळ्या पोरांसाठी समुपदेशनाचे तास होते, आणि पुढे कुणी अडकलाच तर सोडवायला गोळ्या आणि दंडावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या फुकट. हिरव्यांना फोनवर अभिनंदनाचा निरोप यायचा. त्याखाली बारीक अक्षरांत ‘कमी धोका म्हणजे धोका नाही असे समजू नये’ असं लिहिलेलं असायचं, ते आमच्यातल्या एकानेही वाचलं नाही. जनुकांची माहिती चुकीच्या हाती पडू नये म्हणून नमुना चोवीस तासांत नष्ट करायचा आणि नुसता आकडा ठेवायचा, असा कायदाच होता. कायदा चांगला होता. पण त्यामुळे एकाच माणसाची लाळ दोन नळ्यांत गेली तर ते पकडणारं कुणी उरलं नाही.

मी एनएसएसचा स्वयंसेवक होतो. सभागृहात टेबलापाशी उभं राहून नळ्यांवर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि त्या खाचांच्या पेटीत ओळीने ठेवायच्या, हे माझं काम. चन्नूने दोन वाजता नमुना दिला आणि अप्पांच्या तपासणीसाठी जतची गाडी पकडायला पळाला. पावणेपाचला पेटी उचलताना एक नळी माझ्या हातून निसटली. टोपण उडालं, लाळ फरशीवर. उचलून पाहिलं तर चिठ्ठीवर नाव बिराजदार चन्नवीर शिवानंद.

पाच वाजता गाडी पेट्या घेऊन जाणार होती. ज्याचा नमुना नाही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालायला लागायच्या, आणि तोवर त्याचं परीक्षेचं प्रवेशपत्र अडकायचं. मी इकडे तिकडे पाहिलं. मग नवी नळी घेतली, तिच्यात थुंकलो आणि चन्नूची चिठ्ठी चिकटवली. झालं. वर्गात त्याची ओ द्यायचो, तशी इथेही दिली. संध्याकाळी फोनवर त्याला सांगायचं होतं, पण अप्पांच्या तपासणीची गोष्ट निघाली आणि राहून गेलं. आपण दोघेही कुठे ओढतो, असंही मनात होतं.

आठवड्याने आकडे आले. माझा अकरा. त्याचा अकरा.

पोरांनी आम्हाला जुळे भाऊ म्हणायला सुरुवात केली. चन्नूने मात्र तो निरोप चार वेळा वाचला आणि खाटेवर बसून अप्पांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, फोन ठेवल्यावर चन्नू म्हणाला, “अप्पा रडले. ऑपरेशनला बी रडले न्हवते.” दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्या निरोपाची छापील प्रत काढून दुकानात लावल्याचं कळलं. हीच वेळ होती सांगायची. पण आता सांगायचं म्हणजे अप्पांचा आनंद हिरावून घ्यायचा, आणि वर चाचणीत गडबड केली म्हणून मी निलंबित होणार. शिवाय निम्म्याहून जास्त पोरं हिरवीच निघाली होती. तोही हिरवाच असणार, असं मी मनाला बजावलं. मला सोयीचं असलं की मी कशावरही विश्वास ठेवतो.

त्याच संध्याकाळी सगळे हिरवे गेटबाहेरच्या शेवंताक्काच्या टपरीवर जमले. शेवंताक्काला पापाची भीती होती. तिने आपणहून नियम केला होता, रंग दाखवल्याशिवाय सिगारेट नाही. “लालवाल्याला मी देत न्हाई. त्येच्या आईचा तळतळाट मला नको,” ती म्हणायची. चन्नूने मोठ्या ऐटीत फोन पुढे केला. तिने चष्मा वर करून आकडा पाहिला.

“अकरा? घे बाबा. तुला काय बी हुत न्हाई.”

चन्नूने सिगारेट बोटांत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. “पाच वर्सं भीत होतो रे मी हिला,” तो म्हणाला. “आज नुसती बघतो, कशी असती.” त्याला काडी ओढता येईना, वारा होता. मी हातांचा आडोसा केला आणि पेटवून दिली. तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले. मीही हसलो. मग माझीही पेटवली.

सवय कशी लागते हे मी आता पुस्तक न उघडता सांगू शकतो, कारण मी ती शेजारी उभं राहून लागताना पाहिली. सुरुवातीला सिगारेट ही सिगारेट नसतेच, ती टपरीवर रेंगाळायचं निमित्त असते. एकीतली अर्धी-अर्धी. चहानंतर. मग तोंडी परीक्षेच्या आधी, धीर यावा म्हणून. मग नंतर, सुटलो म्हणून. मेसच्या जेवणानंतर चक्कर मारायला जाताना. या काळात कुणीही विचारलं तर आपण ‘कधीतरी’ ओढतो असंच सांगतो, आणि खोटंही बोलत नसतो. मेंदूत मात्र कामाला सुरुवात झालेली असते. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन तिथे पोचतं आणि त्याच्या जागा भरून जातात. वारंवार असं झालं की मेंदू नव्या जागा तयार करतो. पंगतीत जास्तीची पानं मांडली की तेवढे पाहुणे यायलाच हवेत, नाहीतर रिकामी पानं डोळ्यांत खुपतात, तसं ते असतं. विशीच्या आतला मेंदू ही पानं फार उत्साहाने मांडतो. मग सिगारेट मजेसाठी राहत नाही. ती नसताना जे वाईट वाटतं ते थांबवण्यासाठी लागते.

डिसेंबरात एका सकाळी मला सातला जाग आली तर चन्नू खोलीत नव्हता. तो गच्चीवर होता, दात न घासता, एकटाच. सोबत कुणी नसताना त्याला ओढताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला पाहून तो ओशाळला.

“झोपच लागंना पहाटेपासून,” तो म्हणाला. “आपण हिरवे हाय म्हणून बरं. न्हाईतर मला वाटलं असतं, लागली आता.”

मी काय म्हणालो? “चल, नाश्ता संपेल,” असं म्हणालो.

तिसऱ्या वर्षापर्यंत तो दिवसाला पंधरा-सोळांवर गेला. मी आठवड्याला तीन-चार ओढायचो, परीक्षा आल्या की बंद. त्याने तीनदा सोडली. पहिल्यांदा चार दिवस, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या वेळी तो कॉलेजच्या दवाखान्यात गेला. गोळ्या-पट्ट्यांचं कपाट सवयांक तपासूनच उघडायचं. अकरा टाकल्यावर ते उघडलं नाही. दर गुरुवारी येणाऱ्या डॉ. मोघेबाईंनी त्याच्याशी बराच वेळ बोलून सांगितलं, की तुझ्या शरीराला याची गरज नाही, हा मनाचा ताण आहे, व्यायाम कर. तो परत आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच सुमारास अप्पांना कुणीतरी कळवलं असावं. फोनवर त्यांचा फाटका आवाज मला माझ्या खाटेपर्यंत ऐकू आला. चन्नू नुसतं “व्हय अप्पा, व्हय अप्पा” म्हणत होता.

आणि मग सहाव्या सत्राच्या परीक्षेत तो पेपर अर्धा टाकून उठला.

माझी जागा खिडकीपाशी होती. तीन तासांचा पेपर, दीड तास झाला असेल. चन्नू मैदान ओलांडून जवळजवळ पळतच गेटकडे निघाला होता. एकदा हॉलबाहेर पडलं की परत घेत नाहीत. मी पेपर संपवून टपरीवर गेलो तेव्हा तो बाकड्यावर बसला होता आणि त्याच्या पायाशी पाच-सहा थोटकं होती.

“सगळं येत होतं रे,” तो म्हणाला. “चौथा प्रश्न तर पाठ होता. पण हात थरथरायला लागला. वाचलेली ओळ परत परत वाचत होतो. मग मला दुसरं काय बी सुचंना.”

“पुढच्या वेळी देऊ,” मी म्हणालो.

“पुढच्या वेळी काय बदलणार हाय?” त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “तू बी माझ्याबरोबरच सुरू केलीस. तूच पेटवून दिलीस की पहिली. तू परीक्षेला बंद करतोस आणि तुला आठवण बी होत न्हाई. तुझा अकरा, माझा बी अकरा. मग फरक कशाचा? शरीर सारखंच हाय. म्हंजे माझ्यातच खोट हाय. डॉक्टरबाई बी तेच म्हणाल्या, जरा गोड बोलून. अप्पा सरळ म्हणाले.”

“तसं नसतं चन्नू.”

“मग कसं असतं? सांग की.”

मी शेवंताक्काला दोन चहा सांगितले. ती कपबशा विसळत होती.

“मी शनिवारी जतला चाललो,” तो म्हणाला. “दुकानात बसतो. अप्पांना वाटत होतं पोरगं इंजिनिअर हुईल, पण ज्याला दोन तास कळ काढता येत न्हाई तो काय करणार?”

त्या दिवशी मी जेवलो नाही. इतके दिवस मी एक हिशोब करत होतो, की सांगितलं तर माझं काय होईल. चन्नूने स्वतःला माझ्या शेजारी उभं करून रोज मोजलं असेल आणि रोज स्वतःला कमी लेखलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याच्या समोर सहज ओढत होतो आणि सहज सोडत होतो. माझ्या त्या सहजपणानेच त्याला नालायक ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी डॉ. मोघेबाईंकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. नळी, फरशी, चिठ्ठी, टपरी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्याला मीच परत पाठवलं होतं,” त्या म्हणाल्या. “पोराचे ओठ काळवंडलेले, बोटं पिवळी, समोर बसून पाय हलवतोय. मला दिसत होतं. तरी मी पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला.”

“तुम्ही परत चाचणी घ्याल? पहिला नमुना खराब झाला होता, असं सांगून?”

“म्हणजे तुझं नाव न येता.”

मी खाली पाहिलं.

“चाचणी घेते,” त्या म्हणाल्या. “पण संमतीपत्रावर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण त्याला तू सांगायचंस. मी नाही.”

खोलीवर आलो तेव्हा चन्नू बॅग भरत होता. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. त्याला आधी काही समजेना. “कुठली नळी?” त्याने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तो एकदम हसला. “लाळेची प्रॉक्सी दिलीस?” मग हसू विरत गेलं. हातातला शर्ट त्याने घडी घालून पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. “चल,” एवढंच म्हणाला. वाटेत तो माझ्यापुढे दहा पावलं चालत होता.

एव्हाना यंत्रं सुधारली होती, वीस मिनिटांत आकडा यायचा. आम्ही दोघं बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून बसलो. माझा हात दोनदा खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं, सकाळीच पाकीट फेकून आलो होतो. हात तरी गेलाच. त्या क्षणी मला लख्ख कळलं, की अकरा म्हणजे शून्य नव्हे.

डॉ. मोघेबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. त्र्याऐंशी. लाल.

चन्नू त्या आकड्याकडे बघत राहिला. “हे माझंच हाय ना?” त्याने विचारलं. बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

“म्हंजे मी नालायक न्हवतो,” तो म्हणाला, आणि तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडायला लागला. जगात लाल आकडा बघून इतकं सुटल्यासारखं दुसऱ्या कुणाला वाटलं असेल असं मला वाटत नाही. बाई त्याला सांगत होत्या की त्र्याऐंशीवाली माणसंही सुटतात, औषधं आहेत, वेळ लागेल. अकरावाली माणसंही अडकतात, हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही रडू आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो थोडा वेळ राहू दिला.

मग डोळे पुसून त्याने विचारलं, “टपरीवर पहिली पेटवून दिलीस, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि काल? मी म्हणालो, माझ्यातच खोट हाय. तेव्हा बी?”

“तेव्हाही.”

“टपरीवरचं मी समजू शकतो,” तो सावकाश म्हणाला. “तेव्हा आपण पोरंच होतो. पण काल मी तुला विचारलं होतं, पुष्क्या. मग कसं असतं, सांग की, म्हणालो होतो.”

त्याने माझा हात खांद्यावरून उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला, अगदी हलकेच. मग बाईंना म्हणाला, “मॅडम, औषधाचं बोलूया. ह्याला बाहेर जाऊ द्या.”

संध्याकाळी तो दुसऱ्या खोलीत राहायला गेला. चौकशी झाली, मी सगळं लेखी दिलं आणि एका सत्रासाठी निलंबित झालो. मला ते कमीच वाटलं. शेवंताक्काने रंग बघून सिगारेट द्यायचं सोडलं, नंतर सिगारेटच ठेवायची सोडली. “त्या पोराला मीच म्हणाले, तुला काय बी हुत न्हाई,” ती मला म्हणाली आणि बराच वेळ पदराने हात पुसत राहिली.

मी सामान घेऊन निघालो त्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर अप्पा दिसले. उपचारात घरच्यांनाही बोलवतात, म्हणून ते आले होते. गालावरून रुमाल बांधलेला. शेजारी चन्नू, दंडावर पट्टी चिकटवलेली, वाळलेला, पण ताठ बसलेला. मला पाहून अप्पा उठले. मला पळून जावंसं वाटलं. आता ते काय म्हणतील त्याची मी मनाशी तयारी केली, आणि खरं सांगतो, ते शिव्या देतील अशी मला आशाच होती.

“चन्नूनं सांगितलं मला,” ते म्हणाले. त्यांचे शब्द एका बाजूने निसटत होते, पण मला सवयीने कळायचे. “मशिनीत चूक झालती. तू हुडकून काढलीस.”

मी चन्नूकडे पाहिलं. अप्पांच्या पाठीमागून त्याने मान किंचित हलवली. नाही. सांगायचं नाही. त्याच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी दयामाया नव्हती. ते माझ्यासाठी नव्हतंच.

“मी लई बोललो रे पोराला,” अप्पा म्हणाले. “हिरवा असून वडतोस, लाज न्हाई का म्हणालो. माझं तोंड बघून तरी सोड म्हणालो. पोरगं नुसतं व्हय म्हणायचं. तू सांगितलं नसतंस तर मी मरस्तवर त्येला तसलाच समजलो असतो.” त्यांनी दोन्ही हात जोडले. त्या हातांना तारेचे बारीक चरे होते. “देवासारखा आलास बाळा.”

“काका…” मी म्हणालो आणि थांबलो. सांगून टाकलं असतं तर मी मोकळा झालो असतो. पण मग अप्पांना पुन्हा सुरुवातीपासून सगळं सोसावं लागलं असतं. पोराला इतके महिने उगाच बोल लावला, हेच त्यांना पुरेसं जड होतं. चन्नूने विचार करून ठरवलं होतं, आणि या वेळी ठरवायचा हक्क त्याचा होता.

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी मला उठवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.

ऊन फार होतं. “पाणी आण रे,” अप्पा चन्नूला म्हणाले. तो आत गेला आणि दोन पेले भरून घेऊन आला. एक त्याने अप्पांच्या हातात दिला, आणि दुसरा तिथेच उभा राहून स्वतः प्यायला.